क्षेत्रखोली व फिल्मचा आकार

छायाचित्रात ज्या अंतरापासून ज्या अंतरापर्यंतच्या वस्तू रेखीव दिसतात, त्या पट्ट्यास क्षेत्रखोली म्हणतात. काटेकोरपणे पाहता भिंग एकाच प्रतलावर केंद्रित होते. त्याच्या पुढेमागे प्रत्येक बिंदूची प्रतिमा पसरून वर्तुळ बनते. हे वर्तुळ डोळ्याला बिंदूच भासते तोवर वस्तू स्पष्ट मानतात.

वर्तुळ किती मोठे चालेल, हे फिल्मच्या आकारावर ठरते. २५ सेंमी. अंतरावरून पाहिलेल्या ८×१० इंची चित्रात ०·२ मिमी.चे वर्तुळ खपून जाते. ८×१० इंची फिल्मवरून चित्र थेट छापले जाते, तेव्हा फिल्मवरही तेवढेच चालते. ३५ मिमी. फिल्मवरील २४×३६ मिमी.ची चौकट मात्र सात-आठ पट वाढवावी लागते. म्हणून तेथे मर्यादा सुमारे ०·०३ मिमी. धरतात. या आकड्यावर एकमत नाही. चौकटीच्या कर्णाचा १/१५०० भाग घेतल्यास ०·०२९ मिमी., १/१७३० घेतल्यास ०·०२५ मिमी. येते. केंद्रांतराचा (भिंगापासून अतिदूरच्या वस्तूच्या प्रतिमेपर्यंतच्या अंतराचा) १/१००० भाग घेण्याची जुनी रीत ५० मिमी. भिंगाला ०·०५ मिमी. देते, ती फारच सैल वाटते.

‘लहान फिल्म, जास्त क्षेत्रखोली’ हे विधान दोन्ही चित्रांत दृश्य तेवढेच बसवले असेल तरच खरे. तेव्हा लहान फिल्मला आखूड केंद्रांतराचे भिंग लागते आणि त्याच एफ-अंकाला (केंद्रांतर भागिले छिद्राचा व्यास) त्याचे छिद्र प्रत्यक्षात लहान असते. एफ/८ वर अनंतापर्यंत स्पष्टता हवी असल्यास ५० मिमी. भिंग (३५ मिमी. फिल्म) सुमारे १० मी.वर, ८० मिमी. भिंग (६×६ सेंमी.) १६ मी.वर, तर ३०० मिमी. भिंग (८×१० इंच) ५६ मी.वर केंद्रित करावे लागते. जवळच्या बाजूची स्पष्टता याच्या निम्म्या अंतरापासून सुरू होते. उलट भिंग, जागा व एफ-अंक तेच ठेवून केवळ फिल्म लहान केली आणि चित्र त्याच मापाचे छापले, तर क्षेत्रखोली घटते.

१९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी स्थापलेल्या गटाचे नाव ‘एफ/६४’ होते. ८×१० इंची कॅमेऱ्यावरील एफ/६४ म्हणजे ३५ मिमी.वरील एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यानची क्षेत्रखोली.

मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत भिंग तिरके करून स्पष्टतेचे प्रतलच कलवता येते. हे तत्त्व ऑस्ट्रियाचे टेओडोर शाइम्पफ्लूग यांच्या नावे ओळखले जाते. मात्र त्यांच्या १९०४ च्या पेटंटातच झ्यूल कार्पांत्ये यांच्या १९०१ च्या पेटंटाचा उल्लेख आहे; तेव्हा अग्रमान कार्पांत्ये यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते.