थकलेला पगार : 15 तारखेच्या मागणीपासून आरआरसीपर्यंत

उसाचं बिल 14 दिवसांत मिळालं पाहिजे, हे सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच ते लिहिलंय. बिल थकलं की ‘आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला) काढा’ अशी मागणी सुरू होते, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, वेळ पडली तर जप्ती करून, वसूल करायची. त्याच कारखान्यात बॉयलरवर उभ्या असलेल्या कामगाराचा पगार चार-चार महिने रखडतो, तेव्हा हेच हत्यार त्याच्यासाठीही कायद्यात आहे, हे त्याला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून ही उजळणी.

पगाराला तारीख हवी, ही मागणी जुनी आहे. 1884 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्याबरोबर एक मागणी अशी होती : महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळावा. यावरूनच तेव्हा पगार किती उशिरा होत असेल ते समजावं. गिरणीत साताऱ्याकडची माणसं पुष्कळ होती. इकडे घरी मनीऑर्डरची वाट आणि तिकडे वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज.

रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. पगाराच्या तारखेला मात्र अर्धशतक लागलं. कामगारांच्या प्रश्नांवर 1929 मध्ये नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल 1931 मध्ये आला आणि 1936 चा वेतन कायदा त्यातून झाला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर 7 तारखेच्या आत, जास्त असतील तर 10 च्या आत पगार. पण या कायद्यात एक खोट होती. पगारातून बेकायदा कपात केली तर दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद होती. पगार नुसता रखडवला तर भरपाईची कमाल मर्यादा बरीच वर्षं 25 रुपये होती. पगाराला उशीर झाला की घरात काय होतं, हे कायदा करणाऱ्यांना उमगलंच नव्हतं, असं मला वाटतं.

वसुलीची खरी वाट 1956 मध्ये उघडली. औद्योगिक विवाद कायद्यात 33-सी हे कलम आलं : येणं ठरलेलं असेल तर सरकारने दाखला द्यायचा आणि जिल्हाधिकाऱ्यांनी महसुलासारखी वसुली करायची, आकड्यावरच वाद असेल तर कामगार न्यायालयाने हिशेब करून द्यायचा. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने आणखी एक गाठ सोडवली. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. कुपवाड, मिरज, शिरवळच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडून लागलेल्या पोरांना हे कळायलाच हवं.

वेगळा विचार केला तो माथाडींनी. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळेचे अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्यात व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठरलेली जादा रक्कम) माथाडी मंडळाकडे भरायची आणि मंडळाने हमालाला द्यायची. मालकाच्या दारात मजुरीसाठी हात पसरायची वेळच येऊ नये, अशी ती रचना. या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा उपाय मला हाच वाटतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. त्यात मासिक पगार 7 तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि नोकरी सुटली किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. पूर्वी पगाराच्या दाव्याला 12 महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षं आहे. अर्ज एकट्याने करता येतो, संघटनेमार्फत किंवा अनेकांनी मिळून एकच अर्जही चालतो. दावा मान्य झाला आणि मालकाने पैसे दिले नाहीत, की पुन्हा तोच जिल्हाधिकाऱ्यांकडचा वसुली दाखला. आणि पगार दिला होता, हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. तरी हजेरीकार्ड, गेटपास, पासबुकाची पानं, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप निरोप जपून ठेवा. तुम्ही तिथे कामाला होता, हे आधी त्यांवरूनच दिसतं.