काढलेलं सॉफ्टवेअर मागे काय ठेवून जातं

अंबड-सातपूरकडच्या एखाद्या लहान वर्कशॉपच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. त्यावर उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टम आहे, १२० जीबीची एसएसडी भरत आलीय, आणि नको ती सॉफ्टवेअरं काढायची ठरलंय. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एका ओळीत ते होतं. मात्र त्या ओळीने काय जातं आणि काय राहतं, ते आधी पाहिलेलं बरं.

फोटो दुरुस्तीचा गिंप घेऊ. आज्ञा अशी: सुडो ॲप्ट रिमूव्ह गिंप. सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, ॲप्ट म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारं-काढणारं साधन. (इथे उच्चार दिलाय, टाइप करताना सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत.) पासवर्ड लिहिताना पडद्यावर बहुधा ठिपकेही उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, लिहीत राहायचं. मग ॲप्ट यादी दाखवतं: कोणती पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) जाणार, किती जागा मोकळी होणार. शेवटी विचारतं, वाय की एन, म्हणजे हो की नाही.

सगळं शहाणपण या यादीत आहे. एका पॅकेजवर दुसरी टेकलेली असतात. खालचं काढलं की वरची जातात. पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) जुना दिसतो म्हणून पायथन३ काढायला गेलात, तर डेस्कटॉपचा मोठा भागही यादीत येतो. दोन-चार नावं येतील असं वाटलं होतं आणि शंभर आली, तर सरळ एन दाबा. २०२१ मध्ये पॉप ओएस या उबुंटूवर आधारलेल्या सिस्टमवर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना एका यूट्यूबरची हीच गत झाली. पॅकेजांमधल्या गोंधळामुळे डेस्कटॉपच काढला जाणार होता. ॲप्टने ताकीद देऊन 'येस, डू ॲज आय से!' हे वाक्य टाइप करायला लावलं, त्याने ते केलं, आणि डेस्कटॉप गेला. धाकधूक असेल तर आज्ञेत रिमूव्हच्या पुढे हायफन-एस घाला. मग ती फक्त रंगीत तालीम होते, पुसलं काहीच जात नाही.

रिमूव्हने प्रोग्राम जातो, पण ईटीसी फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंग्ज राहतात. वेबसर्व्हर अपाची असा काढला, तर डीपीकेजी (ॲप्टच्या खालचं साधन) हायफन-एल या आज्ञेच्या यादीत त्याच्यापुढे 'आरसी' दिसेल: आर म्हणजे काढलेलं, सी म्हणजे कॉन्फिगरेशन शिल्लक. पुन्हा बसवायचं असेल तर हे सोयीचंच. सेटिंग्जही नको असतील तर रिमूव्हच्या जागी पर्ज. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराच्या भाषेत, रिमूव्ह ही ऑक्टोबर छाटणी आणि पर्ज ही एप्रिलची खरड. खोड दोन्हीत उभंच राहतं. तुमच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइल्सना दोन्ही आज्ञा हात लावत नाहीत. त्या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबून शोधायच्या आणि स्वतः पुसायच्या.

पर्ज करताना एक जागा धोक्याची. मारियाडीबीसारखा डेटाबेस सर्व्हर असेल तर 'सगळे डेटाबेसही पुसू का?' असा प्रश्न येऊ शकतो. बिलांचा हिशोब त्यातच असेल तर आधी बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, मगच उत्तर द्या.

गिंप गेला तरी त्याच्यासोबत आलेल्या लायब्ररी (मदतीची पॅकेजं) मागे राहतात. त्यांच्यासाठी सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह. त्याचीही यादी वाचायची. त्यात तुम्ही रोज वापरता ते काही दिसलं, तर आधी सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल आणि पुढे त्या पॅकेजचं नाव द्या. मग ते उरलंसुरलं समजलं जाणार नाही. जुन्या कर्नलांनी (सिस्टमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी) बूट पार्टिशन, म्हणजे सिस्टम सुरू करणाऱ्या फाइल्सचा डिस्कवरचा भाग, भरली असेल तर तीही याच आज्ञेने बरीच मोकळी होते.

फायरफॉक्सची गोष्ट वेगळी. उबुंटू २२.०४ पासून तो स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजात येतो, त्यामुळे ॲप्टने काढूनही जात नाही. सुडो स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स म्हणावं लागतं. तेव्हाही स्नॅप त्याच्या डेटाची प्रत ३१ दिवस ठेवतं, आणि जागा भरलेलीच दिसते. ती नको असेल तर हायफन-हायफन-पर्ज जोडा. पण मग बुकमार्कही गेले.

कधी 'लॉक मिळत नाही' असा संदेश येतो. बहुतेक वेळा मागे अपडेट चालू असतं. लॉकची फाइल पुसू नका, पाच-दहा मिनिटं थांबा. आणि काढता काढता लाईट गेली, तर कॉम्प्युटर सुरू झाल्यावर आधी सुडो डीपीकेजी हायफन-हायफन-कॉन्फिगर हायफन-ए. अर्धवट राहिलेली पॅकेजं ते मार्गी लावतं. त्यानेही भागलं नाही तर सुडो ॲप्ट हायफन-हायफन-फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल.