हेलन

ग्रीक पुराणकथांतील स्पार्टाची राणी, मेनेलाउस राजाची पत्नी आणि ट्रॉयच्या युद्धाचे निमित्त. जगातील सर्वांत सुंदर स्त्री अशी तिची ख्याती आहे. होमरच्या महाकाव्यांत मात्र रूपापेक्षा तिचे मनच अधिक दिसते, आणि तिची खरी थोरवी तिथेच आहे.

देवांचा राजा झ्यूस याने हंसाचे रूप घेऊन राजा टिंडारिअसची पत्नी लीडा हिच्याशी समागम केला व अंड्यातून हेलन जन्मली, ही तिच्या जन्माची सर्वांत प्रचलित कथा. दुसऱ्या एका परंपरेत तिची आई नेमेसिस ही देवता आहे. कॅस्टर व पॉलिड्यूसीझ हे तिचे भाऊ, तर क्लायटेम्नेस्ट्रा बहीण. कोवळ्या वयात तिला अथेन्सच्या थीसिअसने पळवून नेले होते. भावांनी तिला सोडवून आणले. ती उपवर झाल्यावर ग्रीसभरचे राजे तिला मागणी घालू लागले. तेव्हा इथाकाचा राजा ओडिसिअस याच्या सल्ल्यावरून टिंडारिअसने सर्वांना शपथ घातली, की निवड कोणाचीही होवो, तिच्या पतीवर प्रसंग आला तर बाकीच्यांनी मदतीला धावून जायचे. निवड मेनेलाउसची झाली. त्यांना हर्मायनी नावाची मुलगी झाली.

हीरा, अथीना आणि ॲफ्रोडाइटी या देवींमध्ये श्रेष्ठ सुंदरी कोण, या वादात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने ॲफ्रोडाइटीच्या बाजूने कौल दिला, कारण तिने त्याला हेलन देऊ केली होती. मेनेलाउसच्या घरी पाहुणा म्हणून आलेला पॅरिस तिला घेऊन गेला आणि त्या शपथेमुळे एका घरची फिर्याद साऱ्या ग्रीसचे युद्ध बनली. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात ग्रीक जहाजांची यादी आहे, तिची बेरीज ११८६ इतकी भरते.

तिसऱ्या सर्गात हेलन प्रथम समोर येते ती मागावर बसलेली. आपल्यामुळे चाललेल्या लढाया ती जांभळ्या वस्त्रात विणत असते. मग ती तटावर येते. तिला पाहून ट्रॉयचे म्हातारे हलक्या आवाजात म्हणतात, की अशा स्त्रीसाठी दोन्ही सैन्यांनी इतकी वर्षे हाल सोसले यात नवल नाही. तरीही तिने परत जावे हे बरे. तिचे नाक-डोळे कसे होते, हे होमर कुठेच सांगत नाही. चित्रकार झ्यूक्सिसला तिचे चित्र काढताना पाच कुमारिकांमधील उत्तम तेवढे निवडावे लागले, असे रोमन वक्ता सिसेरो याने नोंदवले आहे. तटावर वृद्ध राजा प्रायम तिला प्रेमाने जवळ बोलावतो, दोष तुझा नाही, देवांचा आहे, असे म्हणतो आणि ग्रीक वीरांची नावे विचारतो. ती एकेकाची ओळख करून देते, पण आपले दोन भाऊ तिला कुठे दिसत नाहीत. आपल्या बदनामीची लाज वाटून ते आले नसावेत, असे तिला वाटते. ते केव्हाच स्पार्टाच्या मातीत गाडले गेले आहेत, हे वाचकाला कळते, तिला नाही. संपूर्ण महाकाव्यात याहून करुण ओळी थोड्याच असतील.

त्याच सर्गात ॲफ्रोडाइटी तिला पॅरिसच्या शय्येकडे बोलावते, तेव्हा हेलन देवीलाच सुनावते: तूच जाऊन बस त्याच्याजवळ. देवीच्या धमकीपुढे तिचे काही चालत नाही. सहाव्या सर्गात ती पॅरिसचा भाऊ हेक्टर याच्यापाशी स्वतःला कुत्री म्हणवून घेते, आणि पुढच्या पिढ्यांच्या गाण्यांसाठीच झ्यूसने आपल्याला हे दैव दिले, असेही म्हणते. हेक्टरच्या शवापुढे शेवटचा विलाप तिचाच आहे: त्याने आपल्याला कधी टोचून बोलल्याचे तिला आठवत नाही. होमरच्या ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्यात ती पुन्हा स्पार्टात, मेनेलाउसच्या घरी आहे आणि पाहुण्यांच्या मद्यात दुःख विसरायला लावणारे इजिप्तचे औषध मिसळते.

नंतरच्या ग्रीकांनी तिचा खटला वारंवार चालवला. स्टेसिकोरस या कवीने तिची निंदा केल्यावर त्याची दृष्टी गेली व दुसरी कविता रचून ती निंदा मागे घेतल्यावर परत आली, अशी आख्यायिका आहे. त्या दुसऱ्या कवितेनुसार ती ट्रॉयला गेलीच नव्हती. नाटककार युरिपिडीझने ४१५ इ. स. पू. च्या ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ या नाटकात तिला प्रायमची राणी हेक्युबा हिच्यासमोर आरोपी म्हणून उभे केले. तीनच वर्षांनी ‘हेलन’ नाटकात तिला इजिप्तमध्ये निर्दोष ठेवून ट्रॉयला तिची केवळ छायाकृती पाठवली. वक्ता गॉर्जिअसने तिच्या समर्थनार्थ युक्तिवाद केला, की देवांची इच्छा, बळजबरी, शब्दांची भुरळ किंवा प्रेम, कारण कोणतेही असो, ती दोषी ठरत नाही.

स्पार्टात मात्र तिची पूजा होई. शहराजवळच्या थेराप्ने येथील तिच्या देवस्थानात एका दाईने कुरूप बालिकेला रोज नेले आणि ती मोठेपणी स्पार्टाची सर्वांत सुंदर स्त्री झाली, अशी कथा ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. तिथल्या उत्खननात तिचे नाव कोरलेले, इ. स. पू. सातव्या शतकातील कांस्यपात्र मिळाले आहे.