‘नीट’ पात्र म्हणजे डॉक्टरकीचा प्रवेश पक्का नव्हे

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला की गावाच्या वेशीवर अभिनंदनाचे फलक लागतात आणि ‘पोरगी नीट पास झाली, आता डॉक्टर होणार’ असे घरोघरी सांगितले जाते. हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी तो चुकीचा आहे.

खुल्या प्रवर्गासाठी पात्रता 50 पर्सेंटाइलची असते. तिचा अर्थ 50 टक्के गुण असा नाही, तर परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण निम्म्यांच्या वर असणे एवढाच आहे. 2023 मध्ये ही रेषा 720 पैकी 137 गुणांवर आली होती. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकल्यास 1 वजा होतो, म्हणजे 35 उत्तरे बरोबर व 3 चुकीची असली तरी विद्यार्थी पात्र ठरत होता. त्या वर्षी 20 लाखांहून अधिक जणांनी परीक्षा दिली आणि 11 लाखांहून अधिक पात्र ठरले, तर देशभरातील एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या.

म्हणून गुणपत्रकावर पर्सेंटाइलच्या लांबलचक दशांशांपेक्षा एकूण गुण आणि अखिल भारतीय क्रमांक आधी पाहावा. शासकीय महाविद्यालयांतील 85 टक्के जागा राज्य कोट्यातून भरल्या जातात. त्यासाठी महाराष्ट्रात राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि केवळ ‘पात्र’ या शब्दावर विसंबून ती मुदत चुकवणारी मुले पाहिली की जीव तुटतो. आपल्या प्रवर्गातील मागील वर्षीच्या शेवटच्या प्रवेशाचे गुण फेरीनिहाय यादीत पाहून पसंतीक्रम भरावा.