लिनक्सवर लॉगिंगच्या दोन सेवा का भांडतात

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये लॉग, म्हणजे संगणकात काय घडलं याच्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवण्याचे निर्देश काढले, तेव्हापासून सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या मागे या नोंदी सांभाळायचं एक काम वाढलं. आरसिसलॉग ही नोंदी लिहिणारी एक सेवा चालू असतानाच कुणी सिसलॉग-एनजी ही तसलीच दुसरी चढवतो. मग कधी 'सिसलॉग.सर्व्हिस आधीच आहे' अशी एरर येते, कधी एकेक ओळ दोनदा उमटते, कधी फाइल कोरीच राहते. दोष नव्या पॅकेजवर जातो. भांडण मात्र चाळीस वर्षं जुनं आहे.

१९८० च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदींसाठी सिसलॉग लिहिला. प्रोग्रॅमने ओळ /डेव्ह/लॉग या सॉकेटवर, म्हणजे दोन प्रोग्रॅमांमधल्या निरोपाच्या खिडकीवर, टाकायची आणि मोकळं व्हायचं. पलीकडे ऐकणारा एकच, हे गृहीतच होतं. पुढे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी २००१ मध्ये आरएफसी ३१६४ आणि २००९ मध्ये ५४२४ आले. पण दोन्हींचा विषय संदेशाची रचना. सॉकेटवर हक्क कोणाचा, यावर दोन्ही गप्प.

लिनक्सवर सुरुवातीला हेच काम करणारा सिसक्लॉगडी होता. त्यातला क्लॉगडी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी /प्रॉक/केएमएसजीमधून घ्यायचा. ही फाइल वाचली की वाचलेलं संपतं. सोलापुरात पाणी येतं, तेव्हा एकाच नळाला दोन घरांनी मोटर लावली तर जे होतं तेच इथं व्हायचं: दोन डीमन (पडद्याआड सतत चालणारे प्रोग्रॅम), दोघांकडे अर्धवट नोंदी. २०१२ च्या कर्नल ३.५ ने /डेव्ह/केएमएसजी अनेकांना वाचता येईल असं केलं आणि ही कटकट मिटली. /डेव्ह/लॉगचा त्रास जास्त छुपा. दुसरा डीमन आला की जुनी सॉकेट फाइल पुसून त्याच नावाने स्वतःची मांडायचा. पहिला जिवंत, पण बहिरा. चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणाऱ्या पीएसमध्ये दोघेही धडधाकट दिसतात, म्हणून शोधायला वेळ लागतो.

१९९८ मध्ये हंगेरीत सिसलॉग-एनजी आला, २००४ मध्ये जर्मनीत राइनर गेरहार्ड्स यांनी आरसिसलॉग सुरू केला. डेबियन या लिनक्सच्या एका वितरणाने यावर साधा तोडगा ठेवला होता: या पॅकेजांनी एकमेकांशी 'कॉन्फ्लिक्ट' जाहीर करायचा. एक आलं की दुसरं जातं. तो तोडगा चांगला चालला.

२०११ च्या नोव्हेंबरात लेनार्ट पोटरिंग आणि काय झीवर्स यांनी जर्नल ही नोंदी ठेवायची नवी पद्धत मांडली. त्यातल्या बायनरी, म्हणजे साध्या मजकुरासारख्या वाचता न येणाऱ्या, फाइलींवरून आरडाओरडा झाला, पण खरी उलथापालथ दुसरीकडे होती. जर्नल लिहिणारा जर्नलडी हा सिस्टमडीचाच, म्हणजे लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचाच, भाग, त्यामुळे तो काढून टाकता येत नाही आणि /डेव्ह/लॉग तोच धरून बसतो. बाकीच्यांना दोनच वाटा: जर्नलडीने पुढे ढकललेलं घ्यायचं, किंवा आरसिसलॉगच्या आयएमजर्नल मॉड्यूलने जर्नलमधून ओढायचं. दोन्ही चालू राहिल्या की ओळी दुहेरी. २०१४ मध्ये रेड हॅटच्या आरएचईएल ७ या लिनक्सने ओढण्याची वाट धरली. त्याच वर्षी सिस्टमडी २१६ ने 'फॉरवर्ड-टू-सिसलॉग' ही पुढे ढकलण्याची सोय मुळातच बंद ठेवली. उरलं सिसलॉग.सर्व्हिस हे टोपणनाव, ज्याने सिस्टमडी लॉगिंगची सेवा ओळखतो. ते एका वेळी एकाच सेवेचं असतं, म्हणून आधी जुनी सेवा डिसेबल (बंद), मगच नवी एनेबल (चालू). हा क्रम चुकला की वरची एरर ठरलेली.

२०२३ च्या डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग आपोआप बसणं थांबलं. ११ वरून वर आणलेल्या मशीनवर तो तसाच राहतो, नव्याने बसवलेल्यावर नसतो. त्यामुळे एकाच कारखान्यात शेजारच्या दोन सर्व्हरपैकी एकावर /व्हार/लॉग/सिसलॉग ही नोंदींची फाइल सापडते, दुसऱ्यावर जर्नल वाचणाऱ्या जर्नलसीटीएल या आज्ञेलाच विचारावं लागतं.