मेंदूची मूक इजा: रक्तातल्या खुणांचा मागोवा

हृदयाला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन हे प्रथिन वाढतं आणि तासाभरात निदानाची दिशा मिळते. हृदयावरच्या उपचारात मेंदूला धक्का बसला, तर तो ओळखणारी तशी चाचणी अजून नाही.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन या शल्यचिकित्सकांनी हार्ट-लंग मशीनच्या, म्हणजे शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राच्या आधारे पहिली यशस्वी ओपन हार्ट सर्जरी केली. पुढे अशा शस्त्रक्रिया वाढल्या, तशी घरच्यांची एक तक्रारही ऐकू येऊ लागली: माणूस वाचला, पण पूर्वीसारखा राहिला नाही. अर्धांगवायू नाही, वाचा शाबूत, फक्त विसराळूपणा आणि गोंधळ. २००१ साली ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात बायपासनंतर घरी जाताना ५३ टक्के रुग्णांची आकलनशक्ती घटलेली आढळली. शस्त्रक्रिया न झालेले रुग्ण तुलनेला नव्हते, त्यामुळे सगळा दोष मशीनवर टाकणं मला घाईचं वाटतं; पण प्रश्न खरा होता.

उत्तरासाठी आधी एस-१००-बी या मेंदूतल्या प्रथिनाकडे पाहिलं गेलं. एस-१०० गटाची प्रथिनं ब्लेक मूर यांनी १९६५ साली गाईच्या मेंदूतून वेगळी केली होती. अमोनियम सल्फेटच्या १०० टक्के संपृक्त द्रावणातही ती विरघळलेली राहतात, म्हणून हे नाव. नव्वदच्या दशकात बायपासनंतर एस-१००-बी वाढलेलं दिसलं आणि आशा पालवल्या. पण हे प्रथिन चरबीत आणि अस्थिमज्जेतही असतं. छातीच्या जखमेतलं रक्त शोषून मशीनमधून परत शरीरात सोडलं जाई आणि त्यासोबत तेही जाई. मेंदूचा म्हणून वाचलेला आकडा बराचसा छातीचाच होता! एनएसई या चेतापेशींतल्या विकराचं, म्हणजे दुसऱ्या खुणेचंही तसंच झालं: ती तांबड्या पेशींत असते आणि मशीनच्या पंपात त्या पेशी फुटतात.

दरम्यान २००२ साली फ्रान्समधल्या रुआँमध्ये अ‍ॅलन क्रिबिए यांनी कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने, महाधमनीची झडप बसवली. मशीन टळलं, तरी झडपेवरचे चुन्याचे कण सुटून मेंदूकडे जाऊ शकत होते. २०१०च्या एका अभ्यासात अशा ८४ टक्के रुग्णांच्या एमआरआयमध्ये मेंदूत इजेचे नवे डाग दिसले. बहुतेकांना लक्षण एकही नव्हतं.

प्रत्येकाचा एमआरआय शक्य नसतो, पेसमेकर बसवलेल्यांचा तर अवघडच. म्हणून पुन्हा रक्ताकडे वळणं आलं. आता भर आहे न्यूरोफिलामेंट लाइट (चेतातंतूंतलं प्रथिन) आणि जीएफएपी (मेंदूतल्या आधारपेशींतलं प्रथिन) यांवर. एका मिलिलिटरमधले पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे लाख-कोटीवे भाग, मोजणाऱ्या तंत्रांमुळे त्यांचा रक्तातला अंशही सापडतो. न्यूरोफिलामेंट मात्र हळूहळू, काही दिवसांत चढतं. शिवाय वय आणि मूत्रपिंडाच्या आजारानेही वाढतं. म्हणून शस्त्रक्रियेआधीचा नमुना घेतल्याशिवाय नंतरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. जीएफएपी आणि यूसीएच-एल-१ (चेतापेशींतलं आणखी एक प्रथिन) या जोडीच्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ साली मान्यता दिली, तीही डोक्याला सौम्य मार लागल्यावर सीटी स्कॅन हवा की नको, एवढं ठरवण्यासाठी.

कॅथेटरने झडप बसवताना मेंदूकडे जाणारे कण अडवणाऱ्या जाळ्यांच्या चाचण्यांत या खुणांची उणीव फार जाणवते. २०२२ साली सुमारे ३००० रुग्णांच्या चाचणीत जाळी वापरलेल्यांमध्ये स्ट्रोकचं प्रमाण २.३ टक्के आणि न वापरलेल्यांमध्ये २.९ टक्के आलं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. जाळीने मूक डाग किती टळले, हे स्ट्रोक मोजून कळणारच नव्हतं.