मक्याचं प्लास्टिक मातीत विरतं का?

‘मक्यापासून किंवा उसापासून बनवलेलं प्लास्टिक मातीत आपोआप विरतं’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण विघटन कच्च्या मालावर नाही, रेणूच्या रचनेवर ठरतं.

उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनतं. त्याची कार्बनची साखळी खनिज तेलाच्या पॉलिथिनसारखीच असते आणि सूक्ष्मजीवांना ती सहजी तुटत नाही. उलट पीबीएटी हे दुसरं प्लास्टिक बहुतेक खनिज तेलातूनच येतं, तरी त्यातले एस्टर बंध (पाणी आणि सूक्ष्मजीवांमुळे तुटू शकणारे रेणूतले जोड) कंपोस्टमध्ये तुटतात. मक्यापासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकमध्येही एस्टर बंध आहेत. मात्र साधारण ६० अंश सेल्सिअसच्या बऱ्याच खाली त्याच्या साखळ्या जखडलेल्या राहतात. म्हणून औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेत ते काही महिन्यांत जातं, कुंडीत वर्षानुवर्षं पडून राहू शकतं.

पर्यावरणपूरक पॉलिमर (प्लास्टिकसारखे लांब साखळीचे रेणू) शोधणारी मशीन लर्निंग मॉडेल्स, म्हणजे माहितीवरून शिकणारे संगणक प्रोग्रामही, मुख्यतः रेणूची रचनाच वाचून गुणधर्मांचा अंदाज बांधतात. (तो प्रयोगशाळेत तपासावा लागतोच.)

घरी पडताळायचं तर ‘बायोबेस्ड’ म्हणजे फक्त उगम, एवढं लक्षात ठेवा. ‘कंपोस्टेबल’ लिहिलं असेल तर घरगुती की औद्योगिक ते पाहा. पुनर्वापराच्या त्रिकोणात २ किंवा ४ असेल, तर हिरवं पान छापलेलं असलं तरी ते पॉलिथिनच.